आधी बॉनेट उघडा

यवतमाळात विमान ही मान वर करून पाहायची गोष्ट आहे. विमानतळ नाही असं मात्र कुणी म्हणू नये. गावाबाहेर भारीला धावपट्टी आहे, तिला जवाहरलाल दर्डांचं नाव आहे, आणि २००९ साली नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबादच्या जोडीनं ती ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं रिलायन्सकडे गेली होती. कमी आहे ती फक्त तिकीट काढून बसता येईल अशा विमानाची. मोठी माणसं हेलिकॉप्टरनं येतात, पण त्यांनाही आमचा जिल्हा सुखासुखी उतरू देत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या प्रचाराला वणीत उतरलेल्या उद्धव ठाकऱ्यांची बॅग निवडणूक कर्मचाऱ्यांनी उघडून पाहिली, ठाकऱ्यांनी त्याचं चित्रीकरण केलं आणि दोन दिवस सगळा देश वणीच्या हेलिपॅडवर उभा होता. आमच्या जिल्ह्यातलं अलीकडचं सर्वांत गाजलेलं विमानोड्डाण ते हेच, आणि त्यातही गाजलं ते उतरणं.

रेल्वेचंही तेच. शकुंतला होती तोवर यवतमाळहून मूर्तिजापूरला आणि पुढे अचलपूरला जाता यायचं. अडीच फुटांचा रूळ, मँचेस्टरचं इंजिन (ते १९९४ पर्यंत वाफेवर चाललं), आणि वेग असा की लघवीला उतरलेला माणूस चालत जाऊन पुन्हा गाडी पकडायचा. ती कधीच वेळेवर आली नाही, पण तिच्यावर कुणी दावा ठोकल्याचं ऐकिवात नाही. गार्ड, ड्रायव्हर, तिकीटवाला सगळे ओळखीचे. गाडी का थांबली हे त्यांच्या आधी प्रवाशांनाच कळायचं.

एवढ्या शिदोरीवर विमान कंपन्यांना शहाणपण शिकवायला निघणं धाडसाचं आहे, हे मला मान्य आहे. पण हे शहाणपण माझं नाही, आमच्या साडूभाऊंचं आहे.

साडूभाऊ एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. यवतमाळच्या बसस्थानकावर काचेच्या खोलीत माईकसमोर त्यांची हयात गेली. आजही घरात भाजी वाढायला उशीर झाला तर ते आपसूक म्हणतात, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं.” त्यांच्या मुलाला हैदराबादेत मुलगी झाली. बारशाला जायचं होतं आणि त्याआधी बायकांना मथुरा-वृंदावन करायचं होतं. म्हणून आम्ही दोघे साडू आणि त्या दोघी बहिणी असे मे महिन्यात आधी दिल्लीला गेलो. दिल्लीहून हैदराबादची विमानाची तिकिटं पोरानं मोबाइलवर काढून पाठवली.

साडूभाऊंना मुळात मार्गच पटला नव्हता.

“गुरुजी, पांढरकवड्यावून हैदराबाद सरळ रस्ता हाय. आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, डायरेक्ट. आता हे इमान दिल्लीवून निंगन, आपल्याच घरावून जाईन, अन् आपल्याले खाली उतरवनार नाई. हे काय होय?”

नकाशा काढून पाहिला तर घरावरून नाही, पण फार लांबूनही जात नव्हतं. साडूभाऊ खिडकीशी बसले आणि ओळखीच्या नदीसारखं काही दिसतं का ते शोधू लागले. दिसला तो ढग.

मध्य प्रदेश ओलांडत असताना पुढच्या रांगेतले एक आजोबा घामाघूम झाले. हवाईसुंदरीनं विचारलं, विमानात कुणी डॉक्टर आहे का? रात्रपाळी करून आल्यासारखी गाढ झोपलेली एक पोरगी शेजारच्या बाईनं हलवून उठवली. ती खरोखरीची डॉक्टर निघाली. तिनं नाडी पाहिली, कानाला नळी लावली, विमानातल्या पेटीतलं काहीतरी दिलं आणि निरोप आत पाठवला. पाचेक मिनिटांत घोषणा झाली: वैद्यकीय कारणामुळे आपण नागपूरला उतरत आहोत.

“नागपूर!” साडूभाऊ ताडकन उठायला गेले, पट्ट्यानं त्यांना खाली ओढलं. “गुरुजी, बॅगा काढा. गणेशपेठेतून यवतमाळची गाडी भेटते. रातच्याले घरी!”

“आणि बारसं?” मेव्हणी म्हणाली.

नागपूरला असं अचानक उतरणं काही नवलाईचं नाही. देशाच्या मधोमध असलेल्या गावाला वाटसरू चुकत नाहीत. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, पत्रांच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रवासीही एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढायचे. आता येतात ते बहुधा अडचणीत सापडलेले. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला निघालेल्या बिमान बांगलादेशच्या विमानात खुद्द कॅप्टनलाच हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकानं विमान नागपूरला सुखरूप उतरवलं, ढाक्याहून दुसरी माणसं आली आणि प्रवाशांना घेऊन गेली. कॅप्टन नौशाद कय्यूम मात्र तीन दिवसांनी नागपुरातच गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीचं ढाका–दुबई विमान सुमारे ४०० माणसांसह रात्री इथं उतरलं. त्यांच्यासाठी दुसरं विमान आणावं लागलं.

काही पाहुणे तर उठायलाच तयार नसतात. १९९१ साली कॉन्टिनेंटल एव्हिएशन नावाच्या कंपनीचं एक बोइंग ७२० सोनेगावला येऊन टेकलं ते २०१५ पर्यंत धावपट्टीजवळच उभं. शेवटी ते ओढत ओढत कडेला नेलं, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले. शेजारच्या रायपूरला त्याच २०१५ मध्ये बांगलादेशच्या युनायटेड एअरवेजचं मस्कतला निघालेलं विमान इंजिन बिघडून उतरलं. प्रवासी दुसऱ्या विमानानं मार्गी लागले, विमान मात्र वर्षानुवर्षं तिथंच राहिलं आणि त्याच्यावर पार्किंगचं भाडं चढत राहिलं. साडूभाऊंना हे पुढे कधीतरी सांगितलं तेव्हा ते हळहळले. “डेपोत मुक्कामी गाडी असते, पन एवढा मुक्काम?”

तर आम्ही उतरलो. दार उघडलं, नागपूरच्या मेची वाफ आत आली, रुग्णवाहिका खाली तयारच होती. आजोबांना खुर्चीतून नेलं, डॉक्टर पोरगी विमानाच्या दारापर्यंत त्यांचा हात धरून गेली. विमानातल्या एकाही माणसानं हूं की चूं केलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण प्रवासी चिडले की कंपन्या असा चेहरा करतात, जणू आम्हाला त्या म्हाताऱ्याचा जीव महाग वाटला. अहो, उतरला ते उत्तम केलंत. त्याबद्दल वैमानिकाचे पाय धरायला तयार आहोत. आमचं भांडण सुरू होतं ते रुग्णवाहिका गेल्यानंतर.

रुग्णवाहिका गेली आणि शांतता पसरली. दार लागलं, पुन्हा उघडलं. एक माणूस कागद घेऊन आत गेला आणि तोच कागद घेऊन बाहेर आला. मोबाइल चालू केला तर कंपनीचा संदेश: “हैदराबादमध्ये आपलं स्वागत आहे! टॅक्सीवर खास सवलत.” मागे कुणीतरी खिडकीबाहेर पाहून म्हणालं, “ये शमशाबाद तो नहीं लगता.”

साडूभाऊंनी बटण दाबून हवाईसुंदरीला बोलावलं.

“बाई, आमी अथीच उतरतो. आमचं गाव जवळच हाय.”

तिनं हसून, हात जोडून सांगितलं की उतरता येणार नाही. पोटात तुमच्या बॅगा आहेत, त्या शोधून बाहेर काढाव्या लागतील, नाहीतर बिनधन्याची बॅग घेऊन विमान उडवता येत नाही. नियम बरोबर आहे, यात खोट काढता येत नाही. साडूभाऊंनाही पटला. एसटीतही बेवारस पेटी दिसली की गाडी थांबते. पण त्यांना जे पटलं नाही ते पुढे घडलं. अर्धा तास झाला, पाऊण झाला, आणि काय चाललंय ते कुणी सांगेना. मग त्या शांततेत चाकांची खडखड ऐकू आली. खाण्याची गाडी आली! सगळ्यांनी समोरची फळी खाली पाडली. पोरीनं नम्रपणे विचारलं, “सर, कप नूडल्स? सँडविच? कार्ड पेमेंट ओन्ली.”

मी त्या यंत्राकडे जवळून पाहिलं. हिरवा दिवा लुकलुकत होता, पडद्यावर गोल गोल फिरत होतं, नेटवर्क मिळत नव्हतं. पुढच्या टायवाल्या गृहस्थांचं कार्ड तीनदा आपटून झालं. सँडविच त्यांच्या हातात, पैसे अधांतरी आणि पोरगी मधे ओशाळलेली. आजोबांना नेलेली खुर्ची अजून दारात होती.

“अॅक्सिडेंटच्या जागी दुकान लावते का हो कोनी?” साडूभाऊ कुजबुजले. त्यांचं कुजबुजणं माईकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत जातं.

त्या पोरीचा यात काही दोष नव्हता. वीस-बावीस वर्षांची लेकरं ती. चारशे किलोमीटरवर कुठल्याशा वातानुकूलित खोलीत बसलेल्यांनी निर्णय घ्यायचा, आणि शिव्या खायला मधल्या वाटेत ही उभी. खरंतर अशा वेळी त्या गाडीवरचं कुलूप काढून “जे आहे ते वाटून टाका, हिशेब नंतर बघू” एवढं म्हणायचा अधिकार तिला दिला असता, तर कंपनीचं फार तर काही हजारांचं सँडविच गेलं असतं. पण तो अधिकार वरच्याला असतो, आणि वरचा त्या वेळी मीटिंगमध्ये असतो.

टायवाल्यांनी मोबाइलवर नियम काढला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम बराच नीट आहे, वाचून पाहावा. विमानाच्या पल्ल्याप्रमाणे दोन, तीन किंवा चार तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर कंपनीनं खायला-प्यायला द्यायचं. सहा तासांवर गेला तर दुसरं विमान किंवा पैसे परत. चोवीस तासांवर, किंवा रात्रीचं विमान सहा तासांवर रखडलं, तर हॉटेल. पण कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर नुकसानभरपाई नाही. हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुख्यतः निघायच्या विमानतळावर ताटकळणारा माणूस आहे. निघून, अर्ध्या वाटेत भलत्याच गावी उतरून, पट्टा लावून बसलेला माणूस त्यांना फारसा दिसलेला नाही.

“म्हंजे दोन तास उपाशी ठेवाची सरकारची परवानगी हाय,” साडूभाऊंनी सारांश काढला.

तोवर बायकांचं काम झालं होतं. डबा उघडला होता. तिखट पुऱ्या, कांद्याची कोरडी चटणी, लिंबाचं लोणचं आणि वृंदावनचे पेढे. आमच्या ओळीत तेलुगू बोलणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी पिशवीतून आंब्याच्या लोणच्याची बरणी काढली. भाषेची अडचण अशी आलीच नाही, कारण तिखट लागलं की सगळ्या भाषांत माणूस एकच आवाज काढतो. टायवाले आधी “नो, थँक्स” म्हणाले आणि मग चार पुऱ्या खाल्ल्या.

तिखटानं साडूभाऊंचा कंठ मोकळा झाला, आणि त्यांनी जे सांगितलं ते मी इथं जसंच्या तसं देतो. विमान कंपन्यांनी ते छापून घ्यावं.

“गाडी फेल झाली ना गुरुजी, त पयलं काम कोनतं? ड्रायव्हरनं खाली उतरून बॉनेट उघडाचं. त्याले त्यातलं समजो का न समजो. बॉनेट उघडलं की पब्लिक अर्धी थंडी होते. चार जन उतरून पाहाले लागते, दोन जन सल्ला देते, एखादा पाना धरते. बॉनेट बंद ठेवून ड्रायव्हर गपचिप जाग्यावर बसला, त मंग पब्लिक त्याच्या माय-बापापर्यंत जाते. दुसरं काम कंडक्टरचं. त्यानं पब्लिकच्या मधात उभं राहाचं, डेपोले फोन लावाचा, अन् लावला हे मोठ्यानं सांगाचं. तिसरं, मागून येनाऱ्या गाडीले हात दाखवाचा, त्याच तिकिटावर बसवून द्याचं. लेकुरवाळ्या, म्हतारे पयले.”

“आणि चौथं?”

“चवथं, कंडक्टरनं सगळ्यात शेवटी निंगाचं.”

मी म्हटलं, पण कधी गाडी येणार हेच माहीत नसेल तर काय सांगायचं? यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझी नोकरीतली सगळी वर्षं वाया गेल्यासारखी वाटली.

“तेच त सांगाचं! मी माईकवून सांगत जाय: दारव्हा-दिग्रस-पुसद गाडीची अजून खबर नाई. पंधरा मिन्टानं पुन्हा: अजून खबर नाई. लोक चाय प्याले जात. कारन त्याईले मालूम होतं, खबर आली की हा मानूस सांगन. खबर नाई हे बी खबरच हाय ना जी.”

हे ऐकलं आणि मला मगदान आठवलं. जून २०२३ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पार टोकाला, मगदानला उतरलं. २१६ प्रवासी, तिथं कंपनीचा एक माणूस नाही, हॉटेलं अपुरी, म्हणून माणसं वसतिगृहात आणि शाळेत जमिनीवर गाद्या टाकून झोपली. मुंबईहून दुसरं विमान पाठवलं आणि पुढे कंपनीनं माफी मागितली, तिकिटाचे सगळे पैसे परत केले, वर पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर दिलं. उशिरा का होईना, बॉनेट उघडलं.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनहून मुंबईला निघालेलं व्हर्जिन अटलांटिकचं विमान एका रुग्णासाठी तुर्कस्तानातल्या दियारबाकीरला उतरलं, उतरताना त्याच्यातच बिघाड झाला, आणि अडीचशेवर माणसं चाळीस तासांच्या आसपास अडकून पडली. त्यांत आपली मुंबईची कितीतरी कुटुंबं. त्यांच्या नातेवाइकांच्या तक्रारी वाचल्या तर बिघाडाबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं. स्वच्छतागृहं पुरत नाहीत, फोनचा चार्जर इथल्या भोकात बसत नाही, आणि कुणी काही सांगत नाही, ही रड. परदेशातला विमानतळ म्हणजे आणखी एक गंमत: व्हिसा नाही, म्हणून गावात सोडता येत नाही.

व्हिसाचं सोडा, पासपोर्टाशिवाय परदेशी जाऊन आलेले लोकही आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईहून गुवाहाटीला निघालेलं इंडिगोचं विमान धुक्यामुळे थेट ढाक्याला उतरलं. देशांतर्गत तिकीट काढून लोक आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून गेले आणि तासन्‌तास विमानातच बसून राहिले. त्याच धुक्यात, दुसऱ्याच दिवशी, गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान मुंबईत उतरवलं, तर कंटाळलेले प्रवासी खाली उतरले आणि विमानाच्या शेजारी, धावपट्टीच्या अंगणात पंगत मांडून जेवायला बसले. सगळ्या देशानं तो व्हिडिओ पाहिला. विमान कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड झाला, मुंबई विमानतळालाही दोन ठिकाणांहून मिळून ९० लाखांचा. माझा विचार असा की पंगत बसली ती भुकेनं कमी आणि वैतागानं जास्त. बसायला जागा सांगितली असती तर माणसं तिथं बसली नसती. त्याच सुमारास महासंचालनालयानं कंपन्यांना बजावलं की उशिराची खरी माहिती प्रवाशांना वेळच्या वेळी कळवा, संकेतस्थळावर, मोबाइलवर, विमानतळावरच्या फलकांवर. साडूभाऊंचा माईक अखेर दिल्लीपर्यंत पोचला म्हणायचा.

कॅनडातल्या गँडरची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा मात्र ते बराच वेळ बोललेच नाहीत. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं, तेव्हा समुद्रावरची ३८ प्रवासी विमानं या छोट्या गावात उतरली. गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास, पाहुणे साडेसहा हजारांवर. शाळा, चर्च, क्लब, घरं सगळी उघडली. अन्न इतकं जमलं की आइस हॉकीचं मैदान फ्रीज म्हणून वापरलं. आणि त्या वेळी तिथल्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर संपावर होते. त्यांनी फलक खाली ठेवले आणि पाहुण्यांची ने-आण सुरू केली.

“संपातून?” साडूभाऊंनी विचारलं. २०२१-२२ चा एसटीचा लांबलेला संप त्यांनी घरी बसून, टीव्हीसमोर, रोज काळीज कुरतडत पाहिला होता. “ड्रायव्हर लोकाईनं संप सोडला?”

“पाहुण्यांसाठी.”

“मंग त्याईच्या मागन्या?”

हे मला माहीत नव्हतं. विदर्भातल्या माणसाला गोष्टीतला नेमका हाच भाग हवा असतो.

असं आमचं चाललं होतं. विमानात उकडत होतं, मागे एक पोट्टं रडत होतं, टायवाले आता पायांवर उभं राहून “हेड ऑफिस” असं फोनवर ओरडत होते. आणि मग कॉकपिटचं दार उघडलं. वैमानिक बाहेर आला. डोक्यावर टोपी नव्हती, शर्ट पाठीला चिकटलेला. तो आतून माईकवर बोलू शकला असता. पण तो पहिल्या रांगेशी येऊन उभा राहिला आणि समोर बघत साध्या हिंदीत बोलला. आजोबा शुद्धीवर आहेत, आताच निरोप आला. आपलं विमान ठीक आहे. उशीर तीन गोष्टींनी होतोय: इंधन भरायचं आहे, नव्या मार्गाचे कागद यायचे आहेत, आणि आमच्या कामाच्या तासांना कायद्यानं मर्यादा आहे, ते तास पुरतात का हे वर तपासताहेत. नाही पुरले तर मला उडवता येणार नाही, दुसरे वैमानिक येतील. कधी निघू ते मला आत्ता माहीत नाही. वीस मिनिटांनी मी पुन्हा येऊन सांगतो, सांगण्यासारखं काही नसलं तरी येतो.

टायवाले फोन खाली ठेवून म्हणाले, “ओके, कॅप्टन.” बस, एवढंच. एक जण टाळ्या वाजवायला लागला आणि ओशाळून थांबला. साडूभाऊंनी माझ्या मांडीवर थाप मारली.

“पाह्यलं? बॉनेट उघडलं! हा पोट्टा एसटीत असता त डेपो मॅनेजर झाला असता.”

वीस मिनिटांनी तो आला. सांगण्यासारखं काही नव्हतं, तेवढंच सांगून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तास पुरत होते, कागदही आले होते. नूडल्सची गाडी या वेळी फुकट फिरली. अधिकार कुठून आला कोण जाणे, बहुधा त्यानंच घेतला असावा. पोटं भरलेली असूनही सगळ्यांनी घेतलं. फुकटाचं नाकारून पाप कशाला घ्या?

हैदराबादला उतरल्यावर कंपनीचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा. दारात कुणी नाही. टॅक्सीच्या सवलतीची मुदत संपलेली. दुसऱ्या दिवशी बारसं थाटात झालं आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर ई-मेल आली. वर “आदरणीय ग्राहक”, खाली झालेल्या असुविधेबद्दल खेद. रेल्वेच्या भोंग्यातून वर्षानुवर्षं ऐकलेला तोच खेद, फक्त इस्त्री केलेला. सोबत पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर: अमुक महिन्यांत वापरावं, दुसऱ्याला देता येणार नाही, सणासुदीला चालणार नाही. २००९ साली न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरलं, सगळे वाचले, तेव्हा यूएस एअरवेजनं प्रत्येक प्रवाशाला तिकिटाचे पैसे परत दिले आणि वर पाच हजार डॉलरचा धनादेश पाठवला. हे मी साडूभाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, “आपल्याले नदीतच उतरवाले पायजे होतं.” मेव्हणीनं त्यांना तोंड सांभाळायला सांगितलं. नात मांडीवर होती.

मला पैशांचं एवढं वाटलं नाही. त्या पत्रात आजोबांचा एक शब्द नव्हता, त्या डॉक्टर पोरीचे आभार नव्हते, कॅप्टन तीनदा येऊन उभा राहिला त्याचाही पत्ता नव्हता. नागपूरचं नावसुद्धा नव्हतं. पत्र लिहिणाऱ्याला बहुधा हे विमान कुठं उतरलं होतं तेच माहीत नसावं.

परतीचा प्रवास अर्थात साडूभाऊंच्या मार्गानं झाला. रात्रीची गाडी, आदिलाबाद, पांढरकवडा, पहाटेला आलूबोंडा. गाडी कुठंही फेल झाली नाही, याचं त्यांना थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

व्हाउचरची चौकशी करायला त्यांनी घरी आल्यावर फोन लावला. हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, मग बराच वेळ सनई. शेवटी बोलणारी मुलगी मराठी निघाली.

“बाई, हे व्हाउचर यवतमाळवून चालते का?”

तिनं शोधलं. “सर, यवतमाळहून आमची सेवा नाही.”

“मालूम हाय. कोनाचीच नाई. मी म्हनलं, विचारून पाहावं.”

मग तिनं विचारलं, सर, एका छोट्या सर्वेक्षणात भाग घ्याल का? तुमच्या त्या प्रवासाला एक ते दहापैकी किती गुण द्याल? साडूभाऊंनी खुर्ची ओढली, चष्मा काढला, घसा खाकरला.

“कॅप्टनले दहा. त्या डॉक्टर पोरीले अकरा. आता कंपनीचं आयका. गाडी फेल झाली, त पयलं काम कोनतं...”

बॉनेट, कंडक्टर, मागची गाडी, लेकुरवाळ्या, दारव्हा-दिग्रस-पुसद, सगळं यथासांग सांगून झालं. पोरगी मधे दोनदा म्हणाली, “सर, फक्त आकडा सांगा.” शेवटी ती काकुळतीला आली.

“सर, एक सांगू का? हा कॉल रेकॉर्ड होतोय.”

“होऊ द्या ना बाई,” साडूभाऊ म्हणाले. “म्हून त एवढं सावकाश बोलून रायलो.”